पेट्रोनेलाची झोप

झुरिक स्टेशनात प्लॅटफॉर्मचं छप्पर जिथे संपतं आणि बोचरा वारा जिथे सुरू होतो, तिथे आम्ही दहाबारा म्हातारे दर शनिवारी उभे असतो. कुठे जायला नाही, गाड्या बघायला. आमच्या बायका या प्रकाराला आजार म्हणतात. आम्ही म्हणतो, आजार तर आजार, याच्यात निदान हवा तरी ताजी मिळते.

या टोकाचा एक नियम आहे. कुठे पाटी नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. ज्याची पिशवी जिथे, त्याची जागा तिथे. सकाळी यायचं, बाकाशेजारी पिशवी ठेवायची आणि खुशाल कॉफी प्यायला जायचं. महागडे कॅमेरे, दुर्बिणी, एकदा तर रुमालात बांधलेली कुणाची तरी कवळी, सगळं तिथे तासन्‌तास बेवारशी पडलेलं असतं आणि कुणी हात लावत नाही. दुसऱ्याची पिशवी बोटभर सरकवणं म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरात शिरून त्याचंच अंडं उकडून खाण्यासारखं. इतकी वर्षं या नियमाने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. म्हणून तर सगळा घोटाळा झाला.

डिसेंबरातल्या त्या शनिवारी रेल्वेचं जुनं वेळापत्रक संपत होतं. रविवारपासून नवं लागणार होतं, आणि नव्यात ती जुनी लाल इंजिनं नव्हती. त्यांतलं शेवटचं इंजिन दुपारी शेवटची गाडी घेऊन येणार होतं. आमच्या दृष्टीने हे घरातलंच कुणीतरी जाण्यासारखं. सगळे काळे कोट घालून आले होते. थंडीमुळेही असेल, पण प्रसंगाला शोभत होतं.

बोसहार्ट सगळ्यांत शेवटी आला. बोसहार्ट आणि मी वीसेक वर्षं त्या टोकावर शेजारी शेजारी उभे आहोत आणि अजून एकमेकांना 'तुम्ही' म्हणतो. 'तू' म्हणायचं तर वयाने मोठा असेल त्याने आधी विचारावं लागतं, ग्लासाला ग्लास लावून, नाव सांगून. मोठा तो आहे. त्याने काही विचारलं नाही, मी वाट बघतोय.

तर बोसहार्ट आला, पण नेहमीच्या पिशवीऐवजी दोन्ही हातांत एक निळी पेटी धरून आला. सहलीला बिअर थंड ठेवायला नेतात तसली. चालत असा होता, जणू पेटीत काठोकाठ सूप आहे. झाकणाच्या फटीतून एक काळी वायर बाहेर आली होती, चंदेरी चिकटपट्टीने पेटीला चिकटवलेली, आणि वायरीच्या टोकाला एक छोटी डबी होती. डबीवर लाल आकडा लुकलुकत होता.

मी विचारलं, हे काय.

"पेट्रोनेला आहे," बोसहार्ट कुजबुजला. "हळू बोला."

पेट्रोनेला म्हणजे त्याच्या बायकोचं, डोर्लीचं, कासव. डोर्लीला ते तिच्या आईकडून मिळालं, आईला कुठल्याशा आत्याकडून. त्याचं वय विचारायची कुणाची हिंमत नाही. आमच्याकडची बरीच कासवं हिवाळाभर फ्रिजमध्ये झोपतात, तशीच हीही झोपते. इमारतीच्या तळघरात, युद्ध झालंच तर लपायला जो बंकर आहे, त्यात बोसहार्टच्या वाइनच्या बाटल्या, स्की आणि पेट्रोनेलाचा स्वतंत्र फ्रिज. पाच अंशांवर ती बीच नावाच्या झाडाच्या वाळक्या पानांत गाढ झोपते. सात अंशांना ती तापमानाची डबी पिपाणीसारखी ओरडायला लागते. दहाच्या वर गेलं की पेट्रोनेला जागी होते, आणि भर हिवाळ्यात जागं झालेलं इतकं म्हातारं कासव पुन्हा नीट झोपत नाही. निदान डोर्लीचं म्हणणं तसं होतं. त्या घरात कासवाबद्दल दुसऱ्या कुणाचं म्हणणं चालत नव्हतं.

डोर्ली आठवडाभर बहिणीकडे, कूरला, गेली होती. जाताना तिने नवऱ्याला एकच काम सांगितलं होतं. आणि नेमकं त्या शनिवारी घरमालकाने मीटर बदलायला तळघराची वीज दिवसभर बंद ठेवली. पेटी घरात ठेवावी तर घर उबदार. बाल्कनीत ठेवावी तर वरच्या मजल्यावरची बाई गालिचे झटकते. इंजिन सोडावं तर ते काही परत येणार नाही. बोसहार्टने खूप विचार केला आणि त्याला जागा सापडली. डिसेंबरात प्लॅटफॉर्मच्या टोकाची हवा फ्रिजपेक्षा कुठे वेगळी असते?

मी म्हणालो, हुशार आहात. मला खरंच तसं वाटलं होतं.

त्याने पेटी आपल्या नेहमीच्या जागी, बाकाशेजारी, ठेवली. आकडा पाच. इंजिनाला अजून अवकाश होता. आत हॉलमध्ये नाताळचा बाजार लागलेला, आणि भाजल्या सॉसेजचा वास वाऱ्यावर थेट आमच्यापर्यंत येत होता. बोसहार्टने पेटीकडे बघितलं, हॉलकडे बघितलं. म्हणाला, तिला त्या गरम गर्दीत नेणं काही बरं नाही, आणि इथून तिला कोण नेणार आहे. हे वाक्य त्या टोकावर कुणीही, कुठल्याही शनिवारी म्हटलं असतं.

सॉसेजच्या रांगेत आमचं नेहमीचं भांडण झालं. मी सांक्ट गालेनचा. आमच्या गावात सॉसेजला मोहरीची चटणी लावणाऱ्याकडे लोक दयेने बघतात. बोसहार्टने अख्खी वाटी भरून मोहरी घेतली आणि म्हणाला, "नेगेली, तुम्हा लोकांना मोहरी परवडत नाही, म्हणून तुम्ही त्याला परंपरा म्हणता." मी काहीतरी झणझणीत उत्तर शोधत होतो, तेवढ्यात स्पीकरवर एक बाई बोलायला लागली. फार गोड आवाजात, एकामागून एक चार भाषांत, तिने सगळ्यांना प्लॅटफॉर्म ताबडतोब रिकामे करायला सांगितलं.

आधी आम्हाला मजाच वाटली. प्लॅटफॉर्मवरून लोकांचा लोंढा हॉलमध्ये आला. पोलिसांनी लाल-पांढरी पट्टी ताणली. मोठ्या फलकावर एकेका गाडीपुढे उशीर लागायला लागला, ओळीमागून ओळ. आमच्या फलकावर इतका उशीर म्हणजे चर्चच्या भिंतीवर शिव्या लिहिलेल्या दिसाव्यात तसं. बोसहार्ट जाणकाराच्या थाटात सॉसेज चावत म्हणाला की सिग्नलची केबल गेली असणार, आणि ज्याच्या चुकीने गेली त्याला आज रात्री झोप लागायची नाही.

पट्टीपाशी एक तरुण पोलीसबाई उभी होती. ती वायरलेसवर कुणाला तरी वर्णन सांगत होती. निळी पेटी. चिकटपट्टी. काळी वायर, लाल आकडा. शेजारी कुणी नाही.

बोसहार्टचं सॉसेज मोहरीसकट त्याच्या कोटावरून घसरत खाली गेलं.

कळवलं कुणी, ते आम्हाला नंतर समजलं. आमच्यातलाच क्रेंत्सलिन. तो उशिरा आला, त्याला बोसहार्टच्या जागेवरून फोटो काढायचा होता, आणि तिथे पेटी होती. पेटी सरकवणं त्याला असभ्य वाटलं. म्हणून त्याने पोलिसांना बोलावलं.

"चला," मी बोसहार्टला म्हणालो. "जाऊन सांगू. दोन मिनिटांचं काम आहे."

बोसहार्टचे पाय हलेनात. त्याचं तोंड रिकामं असूनही चावल्यासारखं हलत होतं. तो फलकाकडे बघत होता. जिनिव्हा, उशीर. म्युनिक, उशीर. मिलान, उशीर. "हे सगळं मी केलंय," तो म्हणाला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "गुबलर."

गुबलरचं नाव आमच्यात कुणी मोठ्याने घेत नाही. तो आमच्याच टोकावर उभा राहायचा. एका इंजिनाचा फोटो घेताना त्याने प्लॅटफॉर्मच्या कडेची पांढरी रेघ ओलांडली, एका पायाने, आणि ड्रायव्हरला ब्रेक मारावा लागला. त्याला स्टेशनबंदी झाली. आता तो टेकडीवर बाकावर बसून दुर्बिणीतून मालगाड्या बघतो असं म्हणतात. कुणी त्याला भेटायला गेलेलं नाही. आणि गुबलरने एकच गाडी थांबवली होती. बोसहार्टने अर्धा देश थांबवला होता.

आता आजूबाजूला पेटीवाल्याचं पोस्टमॉर्टेम सुरू झालं. खांद्यावर स्की घेतलेली एक बाई म्हणाली, अशा माणसाला सगळ्या प्रवाशांची भाडी भरायला लावावीत. एक टाय लावलेला गृहस्थ म्हणाला, भाडी कसली, त्याला बर्फात उघडा उभा करा. कुणीतरी म्हणालं, तो इथेच असणार, असले लोक गंमत बघायला थांबतात. बोसहार्टने मान डोलावली. भीतीने माणूस काय वाटेल त्याला मान डोलावतो. मग त्याने कोटावरचा मोहरीचा डाग हाताने झाकला, जणू पुरावा तोच होता.

मीही काही वाघ नव्हतो. मी पोलीसबाईच्या जवळ जाऊन उभा राहिलो, घसा साफ केला, आणि तिने वळून बघितल्यावर तिला स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं.

परत आलो तर बोसहार्टच्या खिशात फोन वाजत होता. त्याने नाव बघितलं आणि फोन माझ्याकडे देऊ केला. मी हात मागे घेतले.

डोर्ली फोनवर नेहमी असं बोलते की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. ती रविवारी येणार होती, पण नवऱ्यावर भरवसा नाही म्हणून एक दिवस आधीच निघाली होती. आता तिची गाडी स्टेशनबाहेर उभी करून ठेवली होती. कुणा गाढवाने स्टेशनात बॉम्ब ठेवलाय म्हणे, ती म्हणाली, आणि बॉम्ब नसेल तर ते गाढव अजूनच मोठं. मग तिने विचारलं, "पेट्रोनेला कशी आहे?"

"झोपली आहे," बोसहार्ट म्हणाला.

"आकडा?"

"मघाशी पाच होता."

"मघाशी? माइनराड, तू कुठे आहेस?"

"थंडीत," बोसहार्ट म्हणाला आणि फोन बंद केला. बायको बोलत असताना फोन बंद करायची त्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ. त्याने फोनकडे असं बघितलं, जणू तो आता हातात फुटेल.

तेवढ्यात यंत्र आलं. लहानशा रणगाड्यासारखं, पट्ट्यांवर चालणारं, पुढे एक लांब हात आणि हातावर एक जाड नळी. लोकांनी फोन वर केले. टाय लावलेल्या गृहस्थाला सगळं ठाऊक होतं. तो स्की-बाईला समजावून सांगत होता की त्या नळीतून पाण्याचा असा काही फवारा सुटतो, गोळीसारखा, की पेटीचे तुकडे तुकडे होतात आणि आतलं काही फुटायलाही शिल्लक राहत नाही. स्की-बाई म्हणाली, छान.

यंत्र प्लॅटफॉर्मवर चढलं आणि खरखरत टोकाकडे निघालं. सबंध प्लॅटफॉर्म रिकामा, दोन्ही बाजूंना दिवे लावून उभ्या असलेल्या रिकाम्या गाड्या, आणि मधून ते एकटं चाललेलं. गर्दी गप्प झाली होती. त्या शांततेत मला लांबून, अगदी बारीक, पिपाणी ऐकू आली. डबी ओरडत होती. म्हणजे सात. दुपार थोडी तापली होती की काय कोण जाणे. बोसहार्टनेही ती ऐकली. त्याने माझी बाही धरली.

"नेगेली, तू जा," तो म्हणाला. "तू सांग. तू जा ना."

आम्ही दोघंही दचकलो. वीस वर्षांत पहिल्यांदा. बोसहार्टचा चेहरा पांढराफटक पडला, त्याने बाही सोडली, "माफ करा," म्हणाला, आणि मला वाटतं या दुसऱ्या भीतीच्या धक्क्यानेच त्याचे पाय सुटले. तो पट्टीपर्यंत गेला. पण पुढे पट्टी होती. बोसहार्टने जन्मात कधी पट्टी ओलांडली नव्हती. म्हणून त्याने शाळेतल्यासारखा हात वर केला.

पोलीसबाई वायरलेसवर बोलत होती. तिने त्याच्याकडे बघून बोट दाखवलं, जरा थांबा. आणि बोसहार्ट थांबला. हात वर, कोटावर मोहरी, आणि पलीकडे ते यंत्र निम्मा प्लॅटफॉर्म पार करून गेलेलं. मी मागून म्हणालो, बोला. तो म्हणाला, त्या कामात आहेत. यंत्र बाकापाशी पोचलं. त्याचा हात वर उचलला गेला, नळी हळूहळू खाली वाकली, थोडी डावीकडे सरकली, आणि थांबली.

"ते माझ्या बायकोचं कासव आहे!"

बोसहार्टचा आवाज इतका मोठा आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यालाही नसावं. नाताळच्या बाजारातल्या लोकांनीही माना वळवल्या. पोलीसबाईने वायरलेस खाली केला आणि फक्त एकच शब्द बोलली. "काय?"

मग तो बोलतच सुटला. फ्रिज, मीटर, घरमालक, पाच अंश, बीचची पानं, गालिचे झटकणारी बाई, सगळं एका दमात. ऐकताना मला कळत होतं की यातलं एकही वाक्य शहाण्या माणसाला खरं वाटणार नाही. पोलीसबाई त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत होती, आणि यंत्राची नळी अजून पेटीवरच रोखलेली होती. तेवढ्यात शेजारी, यंत्र चालवायची कळपेटी गळ्यात अडकवून बसलेला जाडजूड माणूस म्हणाला, "माझ्या सासूचं लोण्याच्या शेजारी असतं."

"काय असतं?"

"कासव. फ्रिजमध्ये. नाताळला गेलो की दूध काढताना मला रोज भीती वाटते." त्याने कळ दाबली आणि नळी वर गेली. बोसहार्टने अजून वर असलेला आपला हात खाली घेतला.

पण नुसत्या सासूवर भागत नाही. खात्री करावी लागते. हिरवा जाड पोशाख आणि भलंमोठं शिरस्त्राण घातलेला एक माणूस प्लॅटफॉर्मवरून डुलत डुलत टोकापर्यंत गेला. पोलीसबाईने वायरलेस बोसहार्टच्या तोंडासमोर धरला. झाकण हळू उघडा, बोसहार्ट म्हणाला. हळू, आणि लगेच बंद करायचं. आणि तिच्यावर श्वास सोडू नका, श्वास गरम असतो. पोलीसबाई म्हणाली, त्यांच्या तोंडावर काच आहे.

खरखर झाली. मग पलीकडून आवाज आला. "पानं आहेत. खाली दगड आहे."

"तो दगड नाही," बोसहार्ट म्हणाला.

"दगडच आहे."

"पाय आहेत का बघा."

फलकावर आणखी दोन ओळींना उशीर लागला.

"आहेत," आवाज आला. "हलत नाहीत."

बोसहार्टने डोळे मिटले. हलत नाहीत म्हणजे झोपलीय, किंवा. तो 'किंवा' त्याच्या सबंध चेहऱ्यावर दिसत होता.

तो अवाढव्य माणूस पेटी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून परत आला. लोकांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, त्यांनी घड्याळं बघितली. पट्टी निघाली, गोड आवाजाच्या बाईने चार भाषांत दिलगिरी व्यक्त केली, आणि सगळे आपापल्या गाड्यांकडे पळाले. मला वाटलं, सुटलो.

पण खरी भीती तर आता सुरू झाली. रेल्वेचा एक अधिकारी आला, टोपीबिपी घातलेला, अतिशय सभ्य. म्हणाला, तुम्ही घाबरलेले दिसता, आत ऑफिसात चला, हीटर आहे, कॉफी देतो, बसून सविस्तर जबाब घेऊ. हॉलमध्ये भट्ट्या पेटलेल्या, हजार माणसांची ऊब, आणि पोशाखवाल्याच्या कुशीत डबी ओरडतच होती. आकडा आठ झाला. अधिकाऱ्याने ऑफिसचं दार उघडलं तशी आतून गरम हवेची झुळूक आली. नऊ.

"बाई," बोसहार्ट पोलीसबाईला म्हणाला, "मला बेड्या घाला. पण बाहेर नेऊन घाला."

ती बाई भली होती. तिने आकड्याकडे बघितलं, बोसहार्टकडे बघितलं, आणि म्हणाली, चला. तर असा तो जबाब प्लॅटफॉर्मच्या टोकाला झाला, उघड्या वाऱ्यात. अधिकारी कुडकुडत प्रश्न विचारत होता, पोलीसबाईचे ओठ निळे पडले होते, मी वाऱ्याच्या बाजूला उभा होतो आणि बोसहार्टने मला तिथून बाजूला व्हायला सांगितलं, कारण मी वारा अडवत होतो. फक्त पोशाखवाला माणूस घामाने डबडबलेला. पेटी बाकावर. बोसहार्ट तिच्यापुढे गुडघ्यावर बसून उत्तरं देत होता आणि नजर आकड्यावर. नऊ. नऊ. नऊ.

तेव्हा ते इंजिन आलं.

रखडलेल्या गाड्या सोडत होते, त्यांत ते होतं. जुनं, लाल, शिट्टी देत, आमच्या अगदी जवळच्या रुळावरून, इतकं हळू की वर्षानुवर्षं इतक्या सावकाश कुणाला बघायला मिळालं नव्हतं. उशिरामुळे खाली आलेला सूर्य नेमका त्याच्या पुढच्या दिव्यांवर. टोकावरचे सगळे धावले. क्रेंत्सलिन रडत रडत फोटो काढत होता. ड्रायव्हरने खिडकीतून टोपी काढली. मी ओरडलो, बोसहार्ट, बघा, मागे बघा.

बोसहार्टने मान वळवली नाही. इंजिन त्याच्या पाठीमागून सगळंच्या सगळं गेलं, चाकांचा आवाज, तेलाचा वास, सगळं. तो नऊकडे बघत होता. शेवटचा डबा गेला आणि आकडा आठ झाला. मग सात. पिपाणी थांबली.

"सहा," थोड्या वेळाने तो म्हणाला. "गेलं का?"

मी म्हणालो, गेलं.

त्याच्यामागून कूरची गाडी आली. डोर्ली उतरली तीच थेट आमच्यासमोर. तिला काय काय दिसलं ते मला आजही आठवतं: गुडघ्यावर बसलेला नवरा, पोलीस, टोपीवाला, शिरस्त्राणवाला आणि मध्ये तिची निळी पेटी. ती ओरडेल म्हणून आम्ही सगळेच थोडे मागे सरकलो, शिरस्त्राणवालासुद्धा. ती ओरडली नाही. तिने वाकून आकडा बघितला. झाकणावर तळवा ठेवला. मग अगदी शांतपणे नवऱ्याला म्हणाली, "मार्चमध्ये पेट्रोनेला उठली, तर आपण बोलू."

आणि ती बोलली नाही. नाताळात नाही, नव्या वर्षात नाही. बोसहार्टला वर्षभराची स्टेशनबंदी झाली. गाडीत बसायचं असेल तरच यायचं, आणि आलं की सरळ डब्यात. पण त्याबद्दल तो कधी एक शब्द बोलला नाही. तो मला फोन करायचा आणि आकडा सांगायचा. आज पाच. आज साडेपाच. कधी कधी आकडा सांगून झाला की तोच आकडा पुन्हा सांगायचा. पेटी तशीच फ्रिजमध्ये ठेवली होती, पण एकदा नऊपर्यंत जाऊन आलेलं कासव आत झोपलंय की गेलंय, हे उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि उघडून बघायची डोर्लीची बंदी होती. डिसेंबरातला तो 'तू' आम्ही दोघांनीही ऐकलाच नाही असं ठरलेलं होतं.

टोकावर आता कुणी पिशवी ठेवून जात नाही. सगळे आपापल्या पिशव्या पोटाशी धरून उभे असतात, आणि बोसहार्टची जागा रिकामी असते. क्रेंत्सलिनसुद्धा तिथे उभा राहत नाही.

मार्च आला. बोसहार्टचा फोन आला. "नेगेली, तुम्ही याल का? आज पेटी उघडायची आहे. मला एकट्याला भीती वाटते." एकट्याला म्हणजे डोर्लीसोबत, हे मला समजलं.

स्वयंपाकघराच्या टेबलावर पेटी, वर पिवळा दिवा. डोर्ली एका बाजूला, बोसहार्ट दुसऱ्या. तो वाळून निम्मा झाला होता. मला कुणी कॉफी विचारली नाही, आणि मी मागायची हिंमत केली नाही. डोर्लीने झाकण काढलं, पानं बाजूला केली, आणि खरं सांगतो, तो दगडच होता. राखाडी, कोरडा, पाय आत, डोकं आत. डोर्लीने तो उचलून दिव्याखाली ठेवला. आम्ही बसून राहिलो. भिंतीवरचं घड्याळ स्टेशनातल्यासारखंच होतं, तसाच लाल काटा, फेरी पूर्ण झाली की क्षणभर थबकणारा. दर वेळी तो थबकला की बोसहार्टही थबकायचा. माझी कंबर धरली. खिडकीबाहेरचं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर गेलं. बोसहार्टचे ओठ हलत होते. चर्चमध्ये मी त्याला कधी बघितलेलं नव्हतं.

शेवटी डोर्लीने रुमाल काढला. तो ती डोळ्यांना लावणार होती की दगडावर घालणार होती, मला माहीत नाही. कारण तेवढ्यात मागचा एक पाय बाहेर आला. नखांनी टेबल खरवडलं. मग बऱ्याच वेळाने सुरकुतलेलं डोकं, आणि एक डोळा अर्धवट उघडा. त्या डोळ्याने पेट्रोनेलाने सगळ्यांत आधी बोसहार्टकडे बघितलं, आणि तिला तो आवडला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

डोर्लीने रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"माइनराड," ती म्हणाली. "तिच्या अंघोळीला पाणी आण. कोमट. गरम नको."

बोसहार्ट इतक्या झटक्यात उठला की खुर्ची पडली. नळ सुटल्याचा आवाज आला, त्यात नाक ओढल्याचाही. तो वाडगा घेऊन आला, दोन्ही हातांत, सूप भरल्यासारखा. पाणी नेमकं किती कोमट ते बघायला त्याने तीच काळी वायर पाण्यात बुडवली.

डबी ओरडायला लागली. आम्ही तिघंही टेबलापासून मागे उडालो. पेट्रोनेलाने डोकं आत घेतलं. बोसहार्टने वायर बाहेर ओढली, आणि डबी खुर्चीवरच्या उशीखाली कोंबली. आम्ही तिघंही दिव्याखालच्या त्या दगडाकडे बघत, श्वास रोखून, ते डोकं पुन्हा बाहेर यायची वाट बघत बसलो.